क्रिएटिनिनच्या पुढचा प्रश्न

मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या घरात एक आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो. मागच्या महिन्यात क्रिएटिनिन २.१ होते, आता २.६ झाले, औषध बदलल्यावर २.४ वर आले, हे शाळकरी मुलेसुद्धा सांगतात. पण मूत्रपिंडे बिघडली कशामुळे, असे विचारले की उत्तर येते ‘बीपीमुळे’, ‘शुगरमुळे’ किंवा नुसतेच ‘किडनी फेल आहे’. हे पुस्तक या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. रक्तातल्या आणि लघवीतल्या कोणत्या खुणांवरून आजाराचे मूळ ओळखता येते, त्यांतल्या कोणत्या भरवशाच्या ठरल्या, कोणत्या अजून संशोधकांच्या हातात आहेत आणि कोणत्या गाजावाजा होऊन मागे पडल्या, हे मराठीत एकत्र सांगावे, अशी फार दिवसांची इच्छा होती.

प्रश्न किती मोठा आहे, हे भारतातील दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या नोंदवहीवरून दिसते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात ५२,२७३ प्रौढ रुग्णांची माहिती होती. त्यांपैकी ३१ टक्क्यांच्या आजाराचे कारण मधुमेह होते. त्याखालोखाल, १६ टक्क्यांवर, कुठला आजार नव्हता. तिथे ‘कारण अज्ञात’ असे लिहिले होते. जवळजवळ निम्मे रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोहोचले तेच अखेरच्या, पाचव्या टप्प्यात. तोपर्यंत मूत्रपिंडे आकसलेली असतात, त्यांतली मूळची रचना व्रणांनी झाकलेली असते आणि बायोप्सी करूनही फारसे हाती लागत नाही. कारण न कळण्याचे मोठे कारण उशीर हेच आहे.

क्रिएटिनिन वाईट चाचणी आहे असे मला म्हणायचे नाही. स्नायूंच्या रोजच्या कामकाजातून तयार होणारा हा टाकाऊ पदार्थ मूत्रपिंडे रक्तातून गाळून बाहेर टाकतात. गाळण्याचा वेग मंदावला की तो रक्तात साचतो. १८८६ साली मॅक्स याफे यांनी पिक्रिक आम्लाबरोबर त्याचा नारिंगी रंग येतो हे दाखवले आणि त्याच रंगावर आधारलेली पद्धत आजही असंख्य लॅबमध्ये चालते. स्वस्त, झटपट, गावोगाव मिळणारी अशी दुसरी चाचणी नाही. पण तिच्या मर्यादा मोठ्या आहेत. मूत्रपिंडांची जवळपास निम्मी क्षमता जाईपर्यंत हा आकडा ‘नॉर्मल’च्या रकान्यात राहू शकतो. शिवाय तो स्नायूंच्या वजनावर अवलंबून असतो. पंच्याहत्तरीच्या, अंगाने वाळलेल्या आजीचे १.१ आणि व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणाचे १.१ यांचा अर्थ एक नाही. म्हणून आता वय आणि लिंग धरून गाळण्याचा अंदाजी वेग काढतात आणि शंका असेल तिथे सिस्टाटिन-सी हे प्रथिन मोजतात, कारण त्याचा स्नायूंशी फारसा संबंध नसतो.

तरीही या सगळ्या चाचण्या एकच गोष्ट सांगतात: काम किती उरले आहे. तापमापक १०३ दाखवतो, पण मलेरिया की टायफॉइड हे सांगत नाही. तशीच ही गोष्ट आहे. मूत्रपिंडविकाराबाबतचे आंतरराष्ट्रीय निर्देश ठरवणाऱ्या केडिगो या संघटनेने २०१२ मध्ये आजाराच्या वर्गीकरणाचे तीन भाग केले: कारण, गाळण्याचा वेग आणि लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन. कारणाला त्यात पहिली जागा आहे. आपल्याकडे व्यवहारात ते शेवटी येते किंवा येतच नाही.

लघवीत आजार शोधण्याची कल्पना जुनीच. आपल्या चरक-सुश्रुतांनी प्रमेहाचे प्रकार लघवीच्या रंग-रूप-चवीवरून सांगितले. पण मूत्रपिंडांचा आजार आणि लघवीतले प्रथिन यांची गाठ पक्की बांधली ती लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी. १८२७ साली त्यांनी आपल्या रुग्णांचे वृत्तांत प्रसिद्ध केले. अंगावर सूज आलेल्या रुग्णाची लघवी तापवली की ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठते, आणि तो रुग्ण दगावल्यावर शवविच्छेदनात त्याची मूत्रपिंडे बिघडलेली दिसतात, हे त्यांनी एकामागून एक रुग्णांत दाखवले. एक चमचा आणि मेणबत्तीची ज्योत एवढीच सामग्री. अल्ब्युमिन लघवीतून जाणे ही मूत्रपिंडविकाराची पहिली खरी जैविक खूण, आणि दोनशे वर्षांनी आजही ती सर्वांत उपयोगी आहे.

ब्राइट यांचे यश पुढे एका अर्थाने अडसर बनले. त्यानंतर शंभर वर्षे लघवीत प्रथिन आणि अंगावर सूज असलेल्या प्रत्येकाला ‘ब्राइटचा आजार’ हे एकच नाव मिळत राहिले. त्या नावाखाली डझनावारी वेगळे आजार दडलेले होते. काही आपोआप बरे होणारे, काही स्टेरॉइडने आटोक्यात येणारे, काही आठवड्यांत जीव घेणारे. आज आपण ‘किडनी फेल’ म्हणतो तेव्हा नेमके तेच करत असतो.

या ढिगातून लवकर वेगळ्या निघालेल्या एका आजाराची गोष्ट मला फार आवडते. १८४५ साली लंडनमध्ये एक किराणा दुकानदार हाडांच्या असह्य वेदनांनी आजारी पडला. त्याची लघवी विचित्र वागत होती. कोमट केली की साका बसे आणि उकळली की तो साका विरघळून जाई. डॉक्टरांनी नमुना रसायनाची जाण असलेल्या हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे पाठवला. हे अल्ब्युमिन नसून वेगळेच प्रथिन आहे, हे त्यांनी ओळखले, आणि अशा हाडांच्या आजारात पुन्हा ते शोधावे, असेही लिहून ठेवले. तो आजार म्हणजे मल्टिपल मायलोमा, अस्थिमज्जेतला कर्करोग. त्यातून तयार होणाऱ्या प्रतिपिंडांच्या तुटक साखळ्या मूत्रपिंडाच्या नलिकांत अडकून त्यांना बुजवून टाकतात. कर्करोगाची चाचणीने कळणारी पहिली खूण म्हणून बेन्स जोन्स प्रथिनाचे नाव घेतात.

यातला आजच्या वाचकाच्या कामाचा भाग असा. लघवीत बुडवायची कागदी पट्टी मुख्यतः अल्ब्युमिनलाच रंग देते. या साखळ्या तिला दिसत नाहीत. त्यामुळे पट्टीवर ‘प्रोटीन निल’ आणि प्रयोगशाळेत मोजलेले एकूण प्रथिन मात्र भरमसाट, अशी विसंगती आली की मायलोमाची शंका घ्यायलाच हवी. साठीच्या पुढचा माणूस, पाठदुखी, हिमोग्लोबिन कमी, क्रिएटिनिन वाढलेले: अशांची फरफट कित्येकदा हाडांच्या डॉक्टरांपासून सुरू होते, आणि पाठीसाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांना आणखी खाली ढकलतात. २००१ पासून रक्तातल्या मोकळ्या साखळ्या थेट मोजणारी चाचणी उपलब्ध आहे. वेळेवर मागवली तर ती मूत्रपिंडे वाचवू शकते.

विसाव्या शतकाच्या मध्याला मूत्रपिंडाची बायोप्सी आली आणि ब्राइटचा ढीग उपसला गेला. कोपनहेगनच्या पॉल इव्हर्सन आणि क्लॉस ब्रुन यांनी १९५१ मध्ये सुईने तुकडा काढण्याची आपली पद्धत मांडली. शिकागोच्या रॉबर्ट कार्क आणि रॉबर्ट म्यूर्क यांनी १९५४ मध्ये रुग्णाला पालथे झोपवून ती सोपी आणि खात्रीची केली. साधा सूक्ष्मदर्शक, त्याच्या जोडीला प्रतिपिंडांना चमकवणारी इम्युनोफ्लुरोसन्स पद्धत आणि पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक अशा तीन नजरांनी एकच तुकडा वाचला जाऊ लागला. पॅरिसच्या जाँ बर्जे आणि निकोल हिंगलाइस यांनी १९६८ मध्ये आयजीए नेफ्रोपथी, म्हणजे मूत्रपिंडात आयजीए प्रकारचे प्रतिपिंड साचण्याचा आजार, ओळखली ती याच पद्धतीने, आणि तिच्यासाठी बायोप्सीला पर्याय अजूनही नाही.

बायोप्सी हा आजही अखेरचा दाखला आहे. पण ती म्हणजे अंगात सुई घालणे. रक्तस्रावाचा धोका थोडा असला तरी असतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, मूत्रपिंड एकच असेल किंवा आकसलेले असेल, तर डॉक्टर दहा वेळा विचार करतात. तिन्ही नजरांनी तुकडा वाचणाऱ्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांतच आहेत. गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या रुग्णासाठी बायोप्सी म्हणजे प्रवास, मुक्काम, मजुरी बुडणे आणि भीती. रक्ताची नळी मात्र कुरिअरने जाते. रक्त-लघवीतल्या खुणांचे मोल माझ्या मते इथे आहे.

या क्षेत्रातली सर्वांत देखणी कामगिरी मेम्ब्रेनस नेफ्रोपथीत झाली, म्हणून तिच्यावर थोडे रेंगाळतो. मूत्रपिंडात केशवाहिन्यांचे लाखो गुच्छ असतात, त्यांना ग्लोमेरुलस म्हणतात. रक्त तिथेच गाळले जाते. या आजारात गाळणाऱ्या पटलाच्या बाहेरच्या अंगाला प्रतिपिंडांचे थर साचतात, पटल जाड होते आणि प्रथिन लघवीतून वाहू लागते. पाय सुजतात, लघवीला फेस येतो, रक्तात गुठळ्या होण्याची भीती वाढते. प्रतिपिंड तिथे का साचतात, हे मात्र कोडे होते. १९५९ मध्ये वॉल्टर हायमन यांनी उंदरांमध्ये असाच आजार निर्माण केला. १९८२ मध्ये उंदरांतले लक्ष्य असलेले प्रथिन सापडले. पण माणसाच्या ग्लोमेरुलसच्या पेशींत ते प्रथिनच नव्हते. २००२ मध्ये पॅरिसच्या हाना डेबिएच आणि पिएर रोन्को यांना एका नवजात बाळात पहिला मानवी धागा मिळाला. आईच्या शरीरात एक विशिष्ट प्रथिन जन्मतःच नव्हते. गर्भाचे ते प्रथिन तिच्या शरीराला परके वाटले, तिने त्याविरुद्ध प्रतिपिंड बनवले आणि ते वारेतून जाऊन बाळाच्या मूत्रपिंडाला चिकटले. तत्त्व सिद्ध झाले. पण मोठ्या माणसांतले कारण अजून दूर होते.

ते २००९ मध्ये बॉस्टनला सापडले. लॉरेन्स बेक, डेव्हिड सॅलंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या ग्लोमेरुलसमधली प्रथिने वेगळी करून त्यांवर रुग्णांचे रक्तद्रव सोडले. ३७ पैकी २६ रुग्णांच्या रक्तातले प्रतिपिंड एकाच जागी, एकाच प्रथिनाला जाऊन बसले. ते प्रथिन म्हणजे फॉस्फोलिपेज ए-टू रिसेप्टर, डॉक्टरांच्या बोलण्यातले ‘पीएलए-टू-आर’. पन्नास वर्षांचे कोडे सुटले आणि त्याबरोबर एक रक्तचाचणीही हाती आली. आज नेफ्रॉटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून भरपूर प्रथिन जाऊन अंगावर सूज, असलेल्या प्रौढाच्या रक्तात हा प्रतिपिंड सापडला, मूत्रपिंडांचे काम ठीक असले आणि दुसरे कारण दिसत नसले, तर निदानासाठी बायोप्सीची गरज उरत नाही. केडिगोच्या २०२१ च्या निर्देशांत हे स्पष्ट लिहिले आहे. इतकेच नाही, या प्रतिपिंडाची पातळी लघवीतले प्रथिन कमी होण्याच्या काही महिने आधी उतरू लागते. पाय अजून सुजलेले आहेत, प्रथिन अजून जात आहे आणि तरीही उपचार लागू पडला आहे, हे डॉक्टर रुग्णाला खात्रीने सांगू शकतात. औषध वाढवायचे की थांबायचे, हा निर्णय त्यामुळे बदलतो.

मग हा प्रतिपिंड न सापडणाऱ्या उरलेल्या तीस टक्क्यांचे काय? तिथे एकामागून एक नवी प्रथिने सापडत गेली, आणि त्यांतल्या एकाचा धागा थेट आपल्या घरात येतो. २०२० मध्ये नेल-वन हे लक्ष्य ओळखले गेले. पाश्चात्त्य देशांत ते सापडले की डॉक्टर आधी लपलेला कर्करोग शोधतात. भारतात वेगळेच निघाले. २०२२ मध्ये दक्षिण भारतातल्या डॉक्टरांनी दाखवले की, नेल-वन असलेल्या त्यांच्या रुग्णांपैकी पुष्कळजण पारंपरिक औषधे घेत होते, आणि त्यांतल्या काही औषधांत पारा आढळला. त्यानंतर केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल येथील रुग्णालयाने २०२१ ते २०२३ या काळातले मेम्ब्रेनसचे २२ रुग्ण तपासले. १५ जणांत नेल-वन होते, आणि त्या १५ पैकी १३ जण चेहरा उजळवणारे क्रीम लावत होते. अशा क्रीममधला पारा त्वचेतून रक्तात जातो. महाराष्ट्रातही अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या स्त्रियांना अशाच क्रीमनंतर मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयात उघड झाले आणि वर्तमानपत्रांत त्याची चर्चा झाली.

ही माहिती कळल्यावर कोणीही स्वस्थ बसू नये, असे मला वाटते. कारण क्रीम किंवा औषध थांबवले की बहुतेकांचा आजार ओसरतो, आणि ते विचारलेच नाही तर त्याच रुग्णाला महिनोन्महिने जबर औषधे देण्याची वेळ येते. नेल-वन ओळखण्यासाठी अजून बायोप्सीच्या तुकड्यावर रंगक्रिया करावी लागते. पण पारा रक्तात आणि लघवीत मोजता येतो. तरुण मुलगी सूज घेऊन आली, पीएलए-टू-आर निगेटिव्ह आले, तर पुढचा प्रश्न ‘तोंडाला काय लावतेस?’ हाच असला पाहिजे. आपल्याकडे गोरेपणाचा हट्ट लग्नाच्या बाजारात अजून टिकून आहे, आणि लेबल नसलेल्या डब्यांचा धंदा त्याच हट्टावर चालतो.

काही खुणांच्या बाबतीत प्रश्न दिवसांचाही नसतो, तासांचा असतो. क्रिएटिनिन आठवड्यात दुप्पट होते आहे, लघवी लालसर किंवा चहाच्या रंगाची आहे, थुंकीतून रक्त पडते आहे, अशा रुग्णात दोन प्रतिपिंड त्याच दिवशी तपासायला पाठवावे लागतात. एक, ग्लोमेरुलसच्या पटलाविरुद्धचा. तो असेल तर रक्तद्रव बदलणे, स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड तातडीने सुरू करावे लागते. डायलिसिसवर गेल्यावर उपचार सुरू झाले तर मूत्रपिंडे परत येण्याची आशा फार थोडी. दुसरा, ‘एएनसीए’ किंवा बोलीतला अँका, पांढऱ्या पेशींमधल्या दोन विकरांविरुद्धचा. १९८५ मध्ये डच आणि डॅनिश डॉक्टरांनी तो रक्तवाहिन्यांच्या दाहाशी जोडला. त्याआधी असे रुग्ण सायनस, सांधेदुखी, खोकला अशा तक्रारी घेऊन डॉक्टर बदलत फिरत. अजूनही फिरतात. त्यांना टीबीची औषधे सुरू झाल्याचे ऐकणे आपल्या देशात नवे नाही.

लहान मुलांचा नेफ्रॉटिक सिंड्रोम ही आणखी वेगळी गोष्ट. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज, मग पोट, मग सगळे अंग. बहुतेक मुले स्टेरॉइडने बरी होतात, पण आजार पुन्हा पुन्हा उलटतो आणि का, हे कोणाला सांगता येत नसे. १९९८ मध्ये फिनलंडमधल्या एका जन्मजात आजाराच्या अभ्यासातून नेफ्रिन हे प्रथिन सापडले होते. गाळणाऱ्या पेशींच्या फटींना ते बांधून ठेवते. २०२४ मध्ये हॅम्बुर्गच्या संशोधकांच्या गटाने दाखवले की, १८२ मुलांपैकी ९४ जणांच्या रक्तात नेफ्रिनविरुद्धचे प्रतिपिंड होते, आणि आजार जोरात असताना, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू होण्याआधी तपासले तर ते नव्वद टक्के मुलांत सापडले. ही चाचणी अजून आपल्या नेहमीच्या लॅबमध्ये पोहोचलेली नाही. पोहोचेल तेव्हा हजारो आईवडिलांना आपल्या मुलाच्या आजाराला प्रथमच कारण मिळेल.

मात्र प्रत्येक नव्या खुणेला हुरळून जाऊ नये. एफएसजीएस या ग्लोमेरुलसला व्रण पाडणाऱ्या चिवट आजारासाठी २०११ मध्ये ‘सुपार’ नावाच्या रेणूची मोठी चर्चा झाली. रक्तात त्याची वाढलेली पातळी म्हणजे आजाराचे मूळच सापडले, असे वाटले. पुढच्या अभ्यासांत कळले की मूत्रपिंड कोणत्याही कारणाने मंदावले तरी सुपार वाढते. आजार वेगळा ओळखण्याच्या कामी ते येत नाही. औषधांमुळे नलिकांभोवती होणाऱ्या दाहासाठी लघवीतल्या इओसिनोफिल पेशी मोजण्याची रीत कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत होती. बायोप्सीशी ताडून पाहिल्यावर ती कुचकामी ठरली. आता त्याच आजारासाठी येल विद्यापीठातल्या संशोधकांनी लघवीतला सीएक्ससीएल-नाइन हा रेणू पुढे आणला आहे. अँटिबायोटिक, वेदनाशामक आणि ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने घेतली जाणारी पँटोप्राझोलसारखी औषधे या दाहाची मोठी कारणे आहेत, म्हणून ही चाचणी टिकावी अशी मनापासून इच्छा आहे. पण इच्छा म्हणजे पुरावा नव्हे. खूण किती आजारी लोकांत सापडते याबरोबरच ती दुसऱ्या आजारांत किती सापडते, हे विचारल्याशिवाय कोणत्याही चाचणीवर पैसे खर्च करू नयेत. पुस्तकात प्रत्येक चाचणीबरोबर हा दुसरा आकडा देण्याचा प्रयत्न केला आहे.

मधुमेहाबद्दल एक सावधगिरी इथेच नोंदवतो. मधुमेही माणसाच्या लघवीत प्रथिन दिसले की शोध संपतो, हे आपल्याकडचे सर्वांत मोठे गृहीतक. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ६२० मधुमेही रुग्णांच्या बायोप्सी पाहिल्या तेव्हा निव्वळ मधुमेहाचा परिणाम ३७ टक्क्यांत होता. ३६ टक्क्यांत दुसराच आजार होता आणि उरलेल्यांत दोन्ही. हे रुग्ण काहीतरी शंका आली म्हणूनच बायोप्सीला आले होते, त्यामुळे हे प्रमाण सगळ्या मधुमेहींना लावता येणार नाही. तरीही डोळ्याचा पडदा स्वच्छ असताना, प्रथिन अचानक वाढले असताना किंवा लघवीत रक्तपेशी असताना मधुमेहावर खापर फोडून थांबणे चुकीचे आहे.

आणि मग ते आजार, जिथे अल्ब्युमिन जातच नाही. जपानमध्ये जिंझू नदीकाठी कॅडमियमच्या विषबाधेने झालेल्या इताई-इताई रोगात मूत्रपिंडाच्या नलिका बिघडल्या होत्या, गुच्छ नव्हे. निरोगी नलिका लहान प्रथिने परत शोषून घेतात. त्या बिघडल्या की बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिनसारखी बारकी प्रथिने लघवीत उतरतात. नेहमीची पट्टी ती पकडत नाही. आंध्र प्रदेशाच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातला उद्दानम भाग आणि श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत इथे शेकडो गावे अज्ञात मूत्रपिंडविकाराने ग्रासली आहेत, आणि तिथेही लघवीत प्रथिन फार कमी जाते. मध्य अमेरिकेत असाच विकार ऊसतोड करणाऱ्या तरुण पुरुषांना होतो. निकाराग्वात हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी लघवी तपासली तेव्हा नलिकांना इजा झाल्याच्या खुणा तोडकऱ्यांत सर्वांत अधिक वाढल्या होत्या. उष्णता, तहान आणि अंगमेहनत हा तिथला मुख्य संशय आहे.

बीड, अहिल्यानगर, जालना इथून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पहाटेपासून काम, पाण्याची आबाळ, अंगदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या गोळ्या. त्यांची हंगामाच्या दोन्ही टोकांना क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी साखर कारखान्यांनी आणि सरकारने मिळून करावी, एवढी मागणी या प्रस्तावनेत नोंदवून ठेवतो. याला नव्या शोधाची गरज नाही.

नव्या चाचण्यांच्या या गर्दीत जुनी, स्वस्त आणि दुर्लक्षित चाचणी हरवू नये, अशी काळजी मला सतत वाटते. ताजी लघवी फिरवून तिचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. तांबड्या पेशींचे साचे दिसले, किंवा पेशी वेड्यावाकड्या, फुगे आलेल्या दिसल्या, तर रक्त मूत्रमार्गातून नव्हे, ग्लोमेरुलसमधून येते आहे. एवढ्या एका निरीक्षणाने रुग्ण मुतखड्याच्या वाटेवरून दाहाच्या आजाराच्या वाटेवर येतो. पण नमुना तासा-दोन तासांत पाहिला पाहिजे आणि पाहणारे डोळे तयार असले पाहिजेत. नमुने गावावरून गोळा करून संध्याकाळी शहरातल्या यंत्रात घालण्याच्या पद्धतीत हे साचे विरघळून जातात आणि रिपोर्टवर ‘नथिंग ॲबनॉर्मल’ छापून येते. पूरकांची, म्हणजे सी-थ्री आणि सी-फोरची, चाचणीही अशीच साधी. घसा किंवा त्वचेच्या संसर्गानंतर मुलाला रक्ताची लघवी झाली, तर सी-थ्री उतरते आणि साधारण आठ आठवड्यांत परत वर येते. आले नाही, तर तो दुसरा आजार आहे आणि मूल तज्ज्ञाकडे जायला हवे. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात लेप्टोच्या तापाने मूत्रपिंडे बसतात, तेव्हा पहिल्या दिवसांत प्रतिपिंडांची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. जिवाणूचा अंश शोधणारी पीसीआर तेव्हा उपयोगी, आणि शंका असेल तर रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करायचे असतात.

पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक, तालुक्याच्या ठिकाणी काम करणारे फॅमिली डॉक्टर आणि लॅबमधले तंत्रज्ञ. तिघांनाही एकच भाषा चालावी म्हणून डॉक्टरांच्या तोंडचेच शब्द ठेवले आहेत. क्रिएटिनिनला कोणी दुसरे नाव दिले तर रिपोर्ट वाचताना रुग्णच अडखळेल. प्रकरणे आजारांनुसार लावली आहेत, चाचण्यांनुसार नाहीत. कोणतीही चाचणी स्वतःच्या मनाने करून घेऊन स्वतःच निदान करू नये. पीएलए-टू-आर निगेटिव्ह आले म्हणजे आजार नाही असे होत नाही, आणि अँका पॉझिटिव्ह आला म्हणजे आजार आहेच असेही नाही.

वाचकांना विनंती एवढीच. मधुमेह, रक्तदाब किंवा घराण्यात मूत्रपिंडाचा आजार असेल, तर वर्षातून एकदा क्रिएटिनिनबरोबर लघवीची रुटीन तपासणी आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करून घ्या. जुने रिपोर्ट फेकू नका, तारखेने लावून ठेवा. दोन वर्षांपूर्वीचा साधा कागद बिघाड जुना की ताजा हे सांगून जातो. घेतलेले प्रत्येक औषध, पूड, काढा आणि क्रीम डॉक्टरांना दाखवा, न विचारता दाखवा. आणि ‘हे कशामुळे झाले?’ असे डॉक्टरांना विचारायला संकोचू नका. ते विचारणे हा तुमचा हक्क आहे.